खरी दिसणारी कागदपत्रं

"रोसारिओ! अगं ए, रोसारिओ विलेगास!"

मासळीच्या काउंटरकडून कुणा बाईने हाक मारली आणि हर्मेलिंडाने वळून पाहिलं. झालं एवढंच. ईस्टरआधीचे उपास चालू होते, शनिवारची दुपार होती आणि बर्फावर मांडलेल्या माशांभोवती अर्धी वस्ती लोटली होती. मक्याच्या पोळ्यांच्या, टॉर्टियांच्या, पुड्यांच्या चळतीआड डोरीन गुर्स्की हातात टोपली घेऊन उभी होती. टोपलीत अंडी, कांदे आणि कॉफीचा डबा. रोज कामावर भेटणाऱ्या हर्मेलिंडाला पाहून ती पुढे होणारच होती, 'शनिवारी तरी तुझं तोंड नको बघायला' असं काहीतरी म्हणणार होती, तेवढ्यात ती हाक आली. भलत्याच नावाने हाक आली तर माणूस वळतं, नाही असं नाही; पण वळण्याआधी जराशी जागा असते, आपल्याला की दुसऱ्या कुणाला अशी. इथे ती नव्हती. हर्मेलिंडा ओकाम्पो त्या नावाला सरळ, हसत, हात वर करून वळली, जशी एखादी बाई अंगणातून आलेल्या आईच्या हाकेला वळते. डोरीनने टोपली तिथेच कांद्यांच्या पोत्यावर ठेवली आणि मागच्या दाराने ती बाहेर आली. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण पळून आलो आहोत, चोरी आपणच केल्यासारखे.

रस्त्यावरचा बर्फ मिठाने काळा पडला होता. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. हाक मारणाऱ्या बाईवर? आख्ख्या दुकानात ओरडायची काय गरज होती! की स्वतःवर, चार पैसे स्वस्त कोथिंबिरीसाठी इतक्या लांब येणाऱ्या बाईवर? लहानपणी याच जागी पोलिश खाटकाचं दुकान होतं आणि शनिवारी आईबरोबर ती सॉसेजच्या रांगेत उभी राहायची, म्हणून पाय आपोआप इकडे वळतात, असं ती स्वतःला सांगायची. काही का असेना, तिने ते ऐकायला नको होतं. क्लेमेंटांच्या लॉन्ड्रीत माणसं नेमायचं आणि त्यांची कागदपत्रं सांभाळायचं काम ती सव्वीस वर्षं करत होती. शहरातल्या पाच हॉस्पिटलांच्या चादरी तिथे धुतल्या जात, दोनशे बारा माणसं कामाला होती आणि प्रत्येकाच्या फॉर्मवर तिची सही होती. 'मी ही कागदपत्रं पाहिली. ती खरी दिसतात आणि या व्यक्तीचीच दिसतात, असं मी शपथेवर सांगते.' दिसतात. त्या एका शब्दावर तिची सव्वीस वर्षं उभी होती. कागद खरा असल्याची खात्री तिने द्यायची नव्हती, तो खरा दिसतो एवढंच सांगायचं होतं. पण माणूस परवानगीशिवाय काम करतोय हे मालकाला कळलं, किंवा कळायला हवं होतं, आणि तरी त्याला कामावर ठेवलं, तर तो गुन्हा. आणि नुसत्या संशयावरून, चेहऱ्यावरून, बोलण्याच्या हेलावरून एखाद्याकडे जास्तीचे कागद मागितले, तर तोही गुन्हा. जेवणघरातल्या भिंतीवर दोन भाषांतलं सरकारी पोस्टर होतं, तक्रारीचा फोन नंबर ठळक छापलेलं. ते तिनेच लावलं होतं, चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारून. दर वर्षी हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये दिवसभराचं प्रशिक्षण व्हायचं, बेचव सँडविच मिळायचे, आणि दर वर्षी कुणीतरी हात वर करून विचारायचंच, "मग नक्की करायचं काय?" शिकवणारा हसून म्हणायचा, "चांगला प्रश्न आहे."

रविवार त्यातच गेला. मन मोठं विचित्र. कुणी सांगितलेलं नसताना ते बसल्या जागी पुरावे गोळा करायला लागतं. हर्मेलिंडाचा हात रुळाच्या मोठ्या इस्त्रीवर भाजला होता, त्या दिवशी डोरीननेच तिला आपल्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं होतं. सगळा रस्ता हर्मेलिंडाने दुसऱ्या हाताने तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता, त्याचे वळ दोन दिवस राहिले होते. तिथल्या बाईने जन्मतारीख विचारली तेव्हा हर्मेलिंडा थांबली होती. इतकी वर्षं डोरीनच्या मनात ते थांबणं म्हणजे वेदना होती. आता त्याचाच अर्थ वेगळा निघायला लागला. स्वतःची जन्मतारीख सांगायला कुणी थांबतं का? आणि नऊ वर्षांपूर्वी हिची आई तिकडे गावी वारली तेव्हा ही मातीला गेली नव्हती. तीन दिवस इस्त्रीसमोर उभी राहून चादरी सरकवत होती, डोळे सुजलेले. का गेली नाही? एकदा गेलं की परत येता येणार नाही, म्हणून? ओव्हनमधला चिकनचा तुकडा करपला. डोरीन उठली, खिडकी उघडली, बोचरी हवा आत घेत उभी राहिली. सतरा वर्षांची ओळख. डोरीनच्या घटस्फोटाच्या वर्षी रोज दुपारी अर्धा डबा पुढे सरकवून "खा, नाहीतर हाडं वाजतील चालताना" म्हणणारी बाई. आणि आपण तिचा एकेक दिवस उलटून बघतोय, शिवणीत काही लपवलंय का म्हणून.

सोमवारी तिने वकीलबाईंना फोन केला. मार्गो फेल्ट तासाच्या फीच्या हिशोबाने बोलायच्या आणि म्हणून भराभर बोलायच्या.

"समजा," डोरीन म्हणाली, "एखाद्या कामगाराला बाहेर कुणी दुसऱ्याच नावाने हाक मारली, तर?"

"समजा म्हणजे झालंय की नाही?"

"समजाच."

"मग समजा तुला काहीच माहीत नाही. रस्त्यातल्या, दुकानातल्या हाकेला मी माहिती म्हणत नाही."

"मी दुकान म्हटलंच नाही."

"डोरीन, जे मला सांगायचं नाही ते अर्धवट सांगू नकोस. विचारू नकोस, नोंद करू नकोस. कानावर आलं, सोडून दे."

"आणि उद्या ते म्हणाले की हिला कळायला हवं होतं?"

"तेव्हा मला फोन कर."

बुधवारी तपासणीची नोटीस आली. इमिग्रेशन खात्याची दोन माणसं आली, शिष्टाचाराने बोलली, सही घेऊन गेली. तीन कामाच्या दिवसांत सगळे फॉर्म हजर करायचे. थोरले क्लेमेंट गेल्यापासून त्यांचा मुलगा टॉड कारखाना बघत होता. तो दारात उभा राहून अंगठ्याचं नख चावत म्हणाला, "आपलं सगळं स्वच्छ आहे ना? आपण आयुष्यभर धुतोच आहोत म्हणा!" स्वतःच्या विनोदावर तो एकटाच हसला. मग हळू आवाजात, "डोरीन, कुणाबद्दल काही असेल तर आत्ताच काढ. नंतर निघालं तर मी म्हणेन मला माहीत नव्हतं, आणि ते म्हणतील तुला होतं." हे तो दुष्टपणाने बोलत नव्हता, घाबरून बोलत होता. पण सगळं घाबरणं शेवटी डोरीनच्याच टेबलावर आणून ठेवलं जातं आणि ठेवणारा हात पुसत निघून जातो. दोनशे बारा फॉर्म काढता काढता तिच्या बोटांच्या कडा कागदांनी कापल्या. हर्मेलिंडाचा फॉर्म मधेच कुठेतरी निघाला. गोल, शाळकरी अक्षर, खाली ग्रीन कार्डाचा नंबर, आणि त्याखाली तिची स्वतःची सतरा वर्षांपूर्वीची सही, आतापेक्षा फुगीर आणि आत्मविश्वासाची. खरी दिसतात. या व्यक्तीचीच दिसतात. त्या शाईकडे ती इतका वेळ बघत राहिली की अक्षरं सुटी होऊन तरंगायला लागली.

गुरुवारी दुपारी तिने हर्मेलिंडाला वर बोलावलं. ते करू नये हे तिला माहीत होतं. इतर कुणी केलं असतं तर तिनेच त्याला त्या पोस्टरसमोर नेऊन उभं केलं असतं. पण पाच दिवस ते नाव डोक्यात घणघणत होतं आणि आता ते कसंही करून थांबायला हवं होतं, बस.

हर्मेलिंडा आली ती वाफेने लाल झालेल्या चेहऱ्याने, केसांवरची जाळी तशीच.

"दार लावून घे जरा."

"कोण मेलं?" हर्मेलिंडा हसत बसली. "की पगार वाढवतेयस?"

"तुझं ग्रीन कार्ड पुन्हा एकदा बघायचंय."

"का गं? तेव्हा पाहिलंस की डोळे फाडून."

"तपासणी आलीय. खात्री करून घ्यायचीय."

"सगळ्यांचं बघतेयस?"

खालून यंत्रांची घरघर जमिनीतून खुर्चीत येत होती.

"काहींचं," डोरीन म्हणाली.

"काहींचं म्हणजे कुणाकुणाचं? माझ्या शेजारी हेलन उभी असते, तिचं बघितलंस? खाली तो तुझा पोलिश बॉयलरवाला, त्याचं?"

"हर्मेलिंडा, तुला रोसारिओ विलेगास कोण म्हणतं?"

हर्मेलिंडाच्या चेहऱ्यावर भीती येईल असं डोरीनला वाटलं होतं. खरं तर त्याच भीतीची ती वाट बघत होती, म्हणजे निदान कळलं तरी असतं. पण भीती नाही आली. चेहरा हळूहळू मिटत गेला, एवढंच. हर्मेलिंडाने केसांवरची जाळी काढली, तिची घडी घातली आणि उठली.

"उद्या आणते, बाई."

सतरा वर्षांत ती डोरीनला कधी बाई म्हणाली नव्हती.

शुक्रवारी सकाळी, कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी, तिने टेबलावर निळा पासपोर्ट ठेवला. तिकडचा नाही, इथला. शेजारी गावाच्या चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला, घड्यांवर विरलेला. ती बसली नाही.

"वाचा," ती म्हणाली.

डोरीनने वाचलं. हर्मेलिंडा देल रोसारिओ ओकाम्पो विलेगास.

"ओकाम्पो बापाचं, विलेगास आईचं. आमच्यात दोन्ही लावतात. आमच्या गल्लीत चार हर्मेलिंडा होत्या, म्हणून घरी मला रोसारिओ म्हणायचे. गावाकडची माणसं अजून म्हणतात. नोकरीला लागले तेव्हा फॉर्मवर मी हे सगळं लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, एवढं नाव कॉम्प्युटरमध्ये बसत नाही, छोटं लिही. नवा फॉर्म तुम्हीच दिलात."

"मला आठवत नाही," डोरीन म्हणाली. खरंच आठवत नव्हतं. असे कितीतरी फॉर्म तिने फाडून नवे दिले होते. "आणि हा पासपोर्ट कधीचा?"

"सहा वर्षं झाली. शपथेच्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. तुम्ही विचारलंत, डॉक्टरकडे का? मी हो म्हटलं. मला वाटलं, नागरिक झाले हे मिरवायचं कशाला. ज्यांना मिळालं नाही ते शेजारीच उभे असतात."

डोरीनने तिथे थांबायला हवं होतं. पण आतलं ते हिशोबी, हट्टी मन अजून शेवटचा पुरावा धरून बसलं होतं, आणि तिने विचारलंच, "मग आई गेली तेव्हा तू गेली का नाहीस?"

हर्मेलिंडाने तिच्याकडे नीट पाहिलं. आवाज चढला नाही.

"मी रजा मागितली होती, बाई. नव्या हॉस्पिटलचं कंत्राट त्याच सोमवारी सुरू होणार होतं. तुम्ही म्हणालात, एवढा आठवडा सोड, मग हवे तेवढे दिवस जा. माती थांबते का आठवडाभर?"

डोरीनला ते कंत्राट आठवलं. नव्या हॉस्पिटलच्या चादरींना हिरवी किनार होती, ट्रक दोन तास उशिरा आला होता आणि म्हातारे क्लेमेंट जिन्यात उभे राहून सगळ्यांवर ओरडत होते. सगळं आठवलं, रजा मागणारी हर्मेलिंडा तेवढी आठवेना. ती त्या चित्रात कुठेच नव्हती. जिथे ती उभी असायला हवी होती तिथे नुसती कामाची गडबड होती, कागद होते, फोन होते.

"माझी चूक झाली," ती शेवटी म्हणाली. "हे बघ, तू तक्रार करू शकतेस. खाली पोस्टरवर नंबर आहे. खरंच कर."

"तक्रार करून काय, आणखी चार फॉर्म भरायचे?" हर्मेलिंडाने पासपोर्ट उचलला, दाखल्याची जुन्याच घड्यांवर घडी घातली. "तुमचं काम होतं, तुम्ही केलंत. सोमवारपासून मी यायची नाही. इस्त्रीची तिसरी कळ अडकते, नव्या बाईला सांगा, नाहीतर बोटं भाजतील."

दार तिने हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी फॉर्म गेले, त्यांत तोही गेला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. दोनशे बारांपैकी तीन जणांची कागदपत्रं संशयास्पद. त्यांना कळवा, दाखवायचं असेल ते दाखवू द्या, नाही जमलं तर कामावरून काढा. हर्मेलिंडाचं नाव यादीत नव्हतं. असणारच नव्हतं. पहिलं नाव होतं लेशेक डुडेक, बॉयलरवाला. नाताळात तिच्यासाठी खसखशीचा केक आणणारा, सकाळी जिन्यात तिच्याशी पोलिशमध्ये दोन शब्द बोलणारा, ज्याच्या तोंडून आपल्या आईची भाषा ऐकून तिचा दिवस बरा जायचा. त्याच्या कार्डावरचा नंबर दुसऱ्याच कुणाचा होता. पर्यटकांच्या व्हिसावर आला होता, परत गेला नव्हता. डोरीनने त्याला वर बोलावलं आणि तो टोपी हातात घेऊन बसला.

"मला वाटलं, तुला माहीत असेल," लेशेक म्हणाला.

"मला कसं माहीत असणार?"

"पाच वर्षांत एकदाही काही विचारलं नाहीस म्हणून."

त्याने सामान एका पिशवीत भरलं, बॉयलरच्या किल्ल्या तिच्या टेबलावर रांगेने मांडल्या आणि गेला. ती खिडकीशी उभी राहिली. खाली गाड्यांच्या रांगेतून जाणारी त्याची गोरी मान तिला दिसत होती. त्या मानेकडे बघून तिला कधीच कसला संशय सुचला नव्हता. एवढंच खरं होतं, बाकी सगळे कायदे, कलमं, प्रशिक्षणं त्याच्याभोवती नुसती रचलेली होती.

टॉड खूश होता. किरकोळ चुका, ताकीद, दंड नाही. "डोरीन, तू वाचवलंस आम्हाला," असं तो चार लोकांत म्हणाला आणि चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुळाच्या इस्त्रीवर नवी बाई आली होती आणि तिसरी कळ अडकते हे डोरीनने तिला स्वतः खाली जाऊन सांगितलं. तेवढंच एक काम तिला त्या दिवसांत धड करता आलं. टॉडला तिने सगळं सांगायचा प्रयत्न केला, तर तो दोन्ही हात कानांवर ठेवून म्हणाला, "मी ऐकलंच नाही." हर्मेलिंडाला पत्र लिहावं म्हणून वकीलबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माफीचं पत्र म्हणजे कबुलीजबाब. कंपनीच्या वतीने तू काहीही लिहायचं नाहीस." "माझ्या वतीने?" "तू कंपनीच आहेस, डोरीन, ते कागद मागितलेस तेव्हा." मग ती तक्रारीची वाट बघू लागली. रोज टपाल आलं की आधी सरकारी पाकीट शोधायची. आलं असतं तर कुणी तरी तिला समोर बसवून विचारलं असतं, तिने हो म्हटलं असतं आणि गोष्ट कुठे तरी लिहिली गेली असती. पाकीट आलं नाही. हर्मेलिंडाच्या घरी ती दोनदा गेली. पहिल्यांदा गाडीतूनच परतली. दुसऱ्यांदा घंटा वाजवली, आत दिवा होता, टीव्ही चालू होता, दार उघडलं नाही. ती पायरीवर मिनिटभर थांबली आणि पायरीसुद्धा आपल्याला नको म्हणतेय असं वाटून खाली उतरली.

मे महिन्यात, सरोवरावरचा गारठा सुटून खिडक्या उघड्या ठेवता येऊ लागल्या तेव्हा, एका हॉटेलातून नोकरीच्या चौकशीचा फोन आला. बोलणाऱ्याचा आवाज तरुण, घाईचा, प्रश्न पाठ केलेले.

"हर्मेलिंडा ओकाम्पो आपल्याकडे कामाला होत्या?"

"होत्या." कंपनीचा नियम होता, तारखा आणि हुद्दा सांगायचा, बाकी एक शब्द नाही. नियम तिनेच लिहिला होता. तिने तारखा सांगितल्या, हुद्दा सांगितला. पलीकडे कळफलक टकटकला.

"नोकरी सोडण्याचं कारण?"

"ते आम्ही सांगत नाही."

"बरं. 'सांगण्यास नकार' असं टाकतो."

"थांबा," डोरीन म्हणाली. "नकार म्हटलं की तिचंच काहीतरी असेल असं वाटतं."

"बाई, मला काहीच वाटत नाही. मला फक्त भरायचंय. स्वतःहून सोडली, कंपनीने काढलं, की काम संपलं?"

"यातलं एकही नाही. तिचे कागद सगळे बरोबर होते. तरी मी तिला परत कागद मागितले. मागायला नको होते, कायद्याने नाही आणि तसेही नाही. ती फार चांगली कामगार आहे. चूक माझी होती. असं लिहा."

टकटक थांबली. मुलाने घसा खाकरला.

"बाई, त्याला इथे जागा नाही."

"मग मागे लिहा. पान उलटा."

"हे स्क्रीनवर आहे, बाई. याला मागचं पान नसतं." त्याच्या आवाजात आता थोडी कीव होती, किंवा कंटाळा. "मी 'स्वतःहून सोडली' टाकू का? तेच बरं दिसतं."

डोरीनने फोन दुसऱ्या कानाला लावला. खालून इस्त्रीची वाफ सुटल्याचा लांबलचक आवाज आला. समोर टॉड काचेपलीकडून कुणाशी तरी हसून बोलत होता.

"तुमच्या साहेबांचं नाव आणि पत्ता सांगा," ती म्हणाली.

"कशाला?"

"सांगा तर."

त्याने सांगितला, एकेक अक्षर तोडून. तिने तो उतरवून घेतला, फोन ठेवला आणि खण उघडला. वरती कोरे कागद होते, त्यांच्याखाली कंपनीचं नाव छापलेले. कोरा कागद तिने आधी ओढला, मग परत ठेवला. छापलेला घेतला, तारीख घातली आणि लिहायला बसली. पहिलं वाक्य लिहायला तिला अख्खी जेवणाची सुट्टी लागली.